बुधवारची रात्र आणि ड्रुपल: नवीन लोकांसाठी माझा अनुभव

2013 ला पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा ड्रुपल, म्हणजे वेबसाइट बांधायचं मोफत सॉफ्टवेअर, हे नावसुद्धा मी ऐकलं नव्हतं. कॉलेजात पीएचपी (ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय ती) केलेलं, इंटरव्ह्यूमध्ये तेवढंच विचारलं आणि पहिल्याच सोमवारी ड्रुपल 7 ची एक चालू साइट समोर ठेवली. नोड (कंटेंटचं एक पान) काय, व्ह्यूज (कंटेंटच्या याद्या) काय, हुक (ड्रुपलच्या कामात आपला कोड घुसवायची जागा) कसा लिहायचा, सगळं काम करता करताच शिकले. सहा महिन्यांत हात बसला आणि मग मला वाटायला लागलं की आपल्याला ड्रुपल येतं. हे मुद्दाम सांगतेय कारण नवीन मुलं भेटतात ती बहुतेक याच टप्प्यावर असतात, काम येतं पण ड्रुपल कुठे चाललंय हे बघायची सवय नसते.

मला ती सवय लागली 2014 च्या ऑक्टोबरमध्ये. तारीख पक्की लक्षात आहे, 15 ऑक्टोबर, कारण त्या दिवशी आपल्याकडे विधानसभेचं मतदान होतं, ऑफिसला सुट्टी, मी मतदानासाठी सांगलीला घरी गेलेले. त्याच रात्री आपल्या घड्याळाने साडेनऊच्या सुमारास ड्रुपल 7 मधल्या एका एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे बाहेरून डेटाबेसला हवे ते आदेश देता येतील अशा भोकाची, सूचना आली आणि 7.32 रिलीज झालं. लॉगिन नसलेला कुणीही माणूस साइटचा ताबा घेऊ शकत होता इतकं ते वाईट होतं, पुढे लोक त्याला ड्रुपलगेडन म्हणायला लागले. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात पोचले आणि संध्याकाळी आम्ही साइट अपडेट केली, वाटलं चला झालं. दोन आठवड्यांनी, 29 ऑक्टोबरला सिक्युरिटी टीमने जाहीर केलं की सूचनेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांनी आपली साइट हॅक झालीय असंच धरून चालावं. सात तास म्हणजे आपल्या पहाटेचे साडेचार! आमचं अपडेट त्याच्या कितीतरी नंतरचं. मग 15 तारखेच्या आधीचा बॅकअप शोधा, नवीन सर्व्हरवर चढवा, मधल्या दोन आठवड्यांचा कंटेंट हाताने परत भरा. क्लायंट एक छोटी संस्था होती, त्यांना फोनवर हे समजावून सांगताना मला फार वाईट वाटलं, त्यांची काहीच चूक नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते, बुधवार लक्षात ठेवा. ड्रुपलचे सिक्युरिटी रिलीज बुधवारी येतात. कोअरसाठी, म्हणजे मूळ ड्रुपलसाठी, महिन्याचा तिसरा बुधवार ठरलेला असतो, अगदीच तातडीचं असेल तरच मधे येतं, बाकीच्या मॉड्यूलचं, म्हणजे वरून जोडायच्या भागांचं, कुठल्याही बुधवारी येऊ शकतं. वेळ आपल्याकडची रात्र. मी फोनमध्ये तिसऱ्या बुधवारची आठवण लावून ठेवलीय आणि त्या रात्री लॅपटॉप जवळ असतो. याचा उपयोग 2018 ला झाला. एक आठवडा आधी सूचना आली की 28 मार्चला रात्री साडेअकरा ते एकच्या दरम्यान फार गंभीर रिलीज येणार आहे, तयारीत रहा. तोपर्यंत मी दुसऱ्या कंपनीत होते, लीडने चार जणांना थांबवलं, साइट्सची यादी करून वाटून घेतली, बॅकअप आधीच घेतलेले आणि रिलीज आल्यावर तासाभरात सगळ्या साइट्स 7.58 आणि 8.5.1 वर. नंतर दोन आठवड्यांनी त्या भोकाचा वापर कसा करायचा ते उघड झालं आणि लगेच हल्ले सुरू झाले. आमच्या एकाही साइटला काही झालं नाही, त्या दिवशी जी शांत झोप लागली ती मला अजून आठवते.

आता दुसरा भाग, खरा करिअरचा. 19 नोव्हेंबर 2015 ला ड्रुपल 8 आलं आणि आतून सगळंच बदललं. सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कचे कॉम्पोनंट्स, टेम्प्लेटसाठी ट्विग, सगळं ऑब्जेक्ट ओरिएंटेड, पुढे लायब्रऱ्या आणायला कंपोझर. 7 ची साइट नुसती अपडेट करून 8 वर जात नाही, नवीन बांधायची आणि कंटेंट मायग्रेट करायचा. मला ते बघून धडकी भरली आणि मी 7 लाच धरून राहिले, कामही भरपूर मिळत होतं. 7 च्या सपोर्टची मुदतही पुढे पुढे जात राहिली, आधी नोव्हेंबर 2021 होती ती शेवटी 5 जानेवारी 2025 झाली, म्हणजे रिलीजपासून बरोबर 14 वर्षं. अशी मुदत वाढते तेव्हा माणूस निवांत होतो. पण नोकरीच्या जाहिराती मुदत वाढवत नाहीत हो, 2017 ला एका इंटरव्ह्यूत मला 8 मधला सर्व्हिस कंटेनर (कोडला लागणारे ऑब्जेक्ट तयार करून पुरवणारा भाग) विचारला आणि मी गप्प बसले.

तिथून मी जे शिकले ते असं की नवीन व्हर्जनला घाबरायचं नसेल तर ते येण्याच्या आधीपासून हळूहळू ओळख करून घ्यायची. 8 नंतर ड्रुपलने ही सोय फार चांगली केलीय. साधारण दर सहा महिन्यांनी मायनर, म्हणजे छोटं रिलीज येतं, त्यात नवीन गोष्ट येते आणि जुनी लगेच काढत नाहीत, तिला डेप्रिकेटेड, म्हणजे पुढे काढणार, म्हणून खूण करतात, कोडच्या कमेंटमध्ये लिहिलेलं असतं की कधीपासून डेप्रिकेटेड, कधी काढणार आणि त्याऐवजी काय वापरायचं. उदाहरण घ्या, स्क्रीनवर संदेश दाखवायचं ड्रुपल सेट मेसेज हे फंक्शन आम्ही दिवसातून दहा वेळा लिहायचो. ते 8.5 मध्ये डेप्रिकेटेड झालं, त्याच्या जागी मेसेंजर सर्व्हिस आली, आणि प्रत्यक्ष काढलं 9.0 मध्ये, जून 2020 ला. दोन वर्षांपेक्षा जास्त वेळ दिला होता! ज्यांनी मधल्या काळात थोडं थोडं बदललं त्यांना 8 वरून 9 वर जाणं अगदी सोपं गेलं कारण 9.0 म्हणजे जवळपास 8.9 च, फक्त डेप्रिकेटेड कोड काढलेला आणि लायब्रऱ्या नवीन.

याच्यासाठी चेंज रेकॉर्ड, म्हणजे ड्रुपलच्या साइटवरच्या प्रत्येक बदलाच्या नोंदी, वाचायची सवय लावा. नव्या रिलीजच्या बातम्या सगळेच वाचतात, त्यात फीचर्स असतात, पण चेंज रेकॉर्डमध्ये आधीचा कोड आणि नंतरचा कोड शेजारी शेजारी असतो आणि का बदललं ते असतं. सगळे वाचायचे नाहीत, ते शक्यच नाही. मी फक्त आमच्या साइट्स जे वापरतात तेवढेच बघते. आणि अपग्रेड स्टेटस नावाचं मॉड्यूल लोकलला, म्हणजे आपल्या मशीनवरच्या साइटवर, टाकून ठेवा, तुमच्या कोडमध्ये कुठे काय जुनं आहे ते ओळ नंबरासकट सांगतं.

अजून एक, जे मला फार उशिरा कळलं. एखादं व्हर्जन कधी संपणार हे ड्रुपल एकटं ठरवत नाही. 8 ला नोव्हेंबर 2021 मध्ये बंद करावं लागलं कारण सिम्फनी 3 चा सपोर्ट संपत होता. 9 ला नोव्हेंबर 2023 मध्ये, तिथे सिम्फनी 4. ड्रुपल 10 मध्ये सीकेएडिटर 5 (मजकूर लिहायचा एडिटर) आलं कारण 4 चा शेवट जवळ आलेला, आणि आमच्या एका साइटवर एडिटरची सगळी कस्टम बटणं त्यामुळे परत लिहावी लागली. पीएचपीचंही तसंच, 10 ला कमीत कमी 8.1 लागतं आणि 11 ला 8.3, मग होस्टिंगवाल्याला आधी विचारावं लागतं. सिम्फनी आणि पीएचपीचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बघितलं की पुढच्या दोन वर्षांत ड्रुपलमध्ये काय येणार याचा बराचसा अंदाज तुम्हाला स्वतःलाच येतो. हे कुठल्या कोर्समध्ये मला कुणी सांगितलं नाही.

आणि इश्यू क्यू, म्हणजे ड्रुपलमधल्या चुका आणि बदलांची यादी, जिथे लोक चर्चा करतात. फेब्रुवारी 2016 मध्ये आयआयटी मुंबईत ड्रुपलकॉन एशिया ही ड्रुपलवाल्यांची परिषद झाली, ड्रुपल सुरू करणारे द्रीस बायटार्ट स्वतः बोलायला आलेले. मी भाषणं ऐकायला गेले होते पण खरं शिकले ते स्प्रिंटमध्ये, म्हणजे सगळे एकत्र बसून ड्रुपलवर काम करतात तिथे, एका टेबलावर अनोळखी मुलीशेजारी बसून. तिने मला एक इश्यू उघडून दिला आणि म्हणाली, कोड लिहू नकोस, हा पॅच (कोडमधल्या बदलाची फाइल) लावून बघ आणि काय दिसलं ते लिही. तेवढंच. नीड्स रिव्ह्यू म्हणजे तपासणं बाकी, नीड्स वर्क म्हणजे अजून काम बाकी, आरटीबीसी म्हणजे लोकांनी तपासून चालवून बघितलंय, ही सगळी भाषा त्या दुपारी कळली. एखादा बदल कोअरमध्ये जाण्याआधी लोक त्याच्यावर किती वाद घालतात, कुणी ॲक्सेसिबिलिटीचा मुद्दा काढतं, कुणी म्हणतं टेस्ट कुठाय, ते वाचताना मला सर्व्हिस कंटेनर कशासाठी असतो हे जेवढं कळायला लागलं तेवढं व्हिडिओ बघून कधी कळलं नव्हतं. पण तेव्हा तो धागा मी पुढे धरून ठेवला नाही, 7 च्या कामात परत बुडले, आणि म्हणूनच पुढच्या वर्षी इंटरव्ह्यूत ती वेळ आली. तुम्ही तो धरून ठेवा.

आता पॅचऐवजी गिटलॅब या कोडच्या साइटवर मर्ज रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) असते, आपल्या मशीनवर साइट चालवायला डीडेव्ह आहे, आमच्या वेळेपेक्षा सुरुवात कितीतरी सोपी झालीय. तुमच्या कामात रोज लागणारं एखादं मॉड्यूल घ्या, त्याच्या इश्यूंमधला नीड्स रिव्ह्यूमधला एक निवडा, चालवून बघा, कुठल्या व्हर्जनवर चालवलं, काय केलं, काय दिसलं हे तीन-चार ओळीत साध्या इंग्रजीत लिहा. व्याकरणाची काळजी करू नका, जगभरातले लोक तसंच लिहितात. इंग्रजीची फारच भीती वाटत असेल तर ड्रुपलचं मराठी भाषांतर आहे, तिथे सुचवण्या द्या, मी सुरुवातीला तेच केलं, पर्मिशनला काय म्हणायचं यावर आम्ही भाषांतर करणाऱ्या दोघींनी एक अख्खी संध्याकाळ घालवलेली आणि शेवटी परवानगीच ठेवलं.