पुस्तक छापून झालं, आता कमी पैशात लोकांपर्यंत कसं न्यायचं?

स्वतःचं पुस्तक काढलंय ना, मग जाहिरातीवर पैसे घालवायच्या आधी आपल्या तालुक्यातल्या सार्वजनिक वाचनालयांची यादी करा आणि आठवड्याला एका ठिकाणी स्वतः जाऊन प्रत द्या, ग्रंथपालांशी पाच मिनिटं बोला. महाराष्ट्रात ग्रंथालय कायदा 1967 चा आहे, त्यामुळे छोट्या गावातही अनुदानावरचं वाचनालय सापडतं आणि एकच प्रत कितीतरी हातांतून फिरते. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, अशा दिवशी त्यांना पाहुणा हवाच असतो, मानधन मागू नका, फक्त बाहेर एक टेबल टाकू द्या म्हणा, सही केलेली प्रत लोक आवडीने घेतात.

व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्याच्या कॅटलॉगमध्ये कव्हर नि किंमत टाका. पण ग्रुपवर नुसतं 'माझं पुस्तक घ्या' नको हो, एखादा उतारा स्वतःच्या आवाजात वाचून पाठवा, खरंच फरक पडतो.

आणि पुस्तक यायचं असेल तर त्यातलं एखादं प्रकरण दिवाळी अंकाला पाठवा, 'आगामी पुस्तकातून' असं लिहून, पण पावसाळ्याच्या सुरुवातीलाच, गणपतीनंतर बहुतेक अंक भरलेले असतात.