सूतगिरणीतला जाणता माणूस निघतो, तेव्हा या चुका टाळा

तोट्यातल्या सूतगिरणीतून माणसं जाण्याचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी क्यूसीवाला, म्हणजे सुताचा दर्जा तपासणारा, जातो. सूत बिघडतंय हे सगळ्यांत आधी त्याला दिसतं आणि त्याचं कुणी ऐकत नाही. मग मेंटेनन्सवाला, त्याची सुट्या भागांची मागणी तीन महिने स्टोअरच्या फायलीत पडलेली असते. शेवटी स्पिनिंग मास्टर, म्हणजे सूतकताईचा प्रमुख, आणि त्याच्या मागोमाग दोन फिटर न् चार जॉबर (कामगारांचे मुकादम) उचल फेडून मोकळे होतात. संचालक मंडळाला जाग येते ती मास्टरच्या राजीनाम्यावर.

मग बैठक बसते आणि कुणीतरी म्हणतोच, "गेला त गेला, असे छप्पन येतीन." येतातही. पण तालुक्याच्या गावापासून पंधरा किलोमीटर आत असलेल्या, पगार दोन महिने मागे असलेल्या गिरणीत कोण येतं, ते सांगायला नको.

'घरगुती कारण' खरं मानणं

राजीनाम्यात सगळेच घरगुती कारण लिहितात. ते वाचून पाच-सात हजार वाढवून द्यायचे, ही मंडळाची आवडती पळवाट. पैशानं थांबलेला माणूस बहुधा सहा महिन्यांत पुन्हा अर्ज देतो, कारण भांडण पगाराचं नसतंच. ते बहुतेक वेळा रुईच्या गाठींचं असतं.

40 काउंटवर (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा अंक) चालणाऱ्या 25,200 चात्यांच्या, म्हणजे सूत कातणाऱ्या टकळ्यांच्या, गिरणीला दिवसाला 60च्या आसपास गाठी लागतात. सीतादहीनंतरच्या (वेचणी सुरू करतानाच्या पूजेनंतरच्या) पहिल्या-दुसऱ्या वेच्याची रुई पक्व असते. फरदडीच्या, म्हणजे हंगाम सरल्यावर त्याच झाडांवरून घेतलेल्या कापसाच्या, रुईचा माईक (तंतूच्या जाडी-पक्वतेचा आकडा) 3.5च्या खाली घसरतो. आजच्या आणि उद्याच्या मिक्सिंगच्या सरासरी माईकमध्ये 0.1पेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नसतो, नाहीतर रंगवलेल्या कापडावर पट्टे दिसतात. मास्टर हे सगळं सांभाळून रोजच्या गाठी लावतो. तेवढ्यात एखाद्या संचालकाच्या जिनिंगमधून (सरकी काढायच्या कारखान्यातून) दोन ट्रक फरदडीची रुई उतरते आणि वरून निरोप येतो, "हे पहिले संपवा." महिन्याभरात इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचा भरपाईचा क्लेम येतो, आणि उत्तर मागितलं जातं मास्टरकडे. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो घरगुती कारण लिहितो.

उपाय साधा आहे, फक्त मंडळाला कडू लागतो. गाठ नाकारायचा अधिकार मास्टरला लेखी द्या. गेटवर सॅम्पल काढल्याशिवाय आणि त्याची सही झाल्याशिवाय ट्रक उतरवायचा नाही, मग तो कुणाच्याही जिनिंगचा असो. मेंटेनन्सला महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतचे सुटे भाग परस्पर घेऊ द्या. हे जमत नसेल, तर पगारवाढीचा ठराव करून वेळ घालवू नका.

चाव्या घेणं, वही न घेणं

शेवटच्या दिवशी लॅपटॉप, सिमकार्ड, कपाटाच्या चाव्या यांची यादी होते, सह्या होतात. ज्या डायरीवर गिरणी चालते ती त्याच्या पिशवीतच राहते.

याचा फटका रिंग बदलताना कसा बसतो, ते एका गिरणीतल्या प्रकारावरून कळेल. तिथे प्रत्येकी 1,008 चात्यांच्या चार रिंग फ्रेमवर (सूत कातायच्या यंत्रांवर) नव्या रिंगा बसवल्या, चातीला एक म्हणजे 4,032 रिंगा. नवी रिंग पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगानं पळवत नाहीत. वेग 15 ते 20 टक्के कमी ठेवायचा, ट्रॅव्हलर, म्हणजे रिंगवर धागा घेऊन फिरणारी छोटी कडी, एक-दोन नंबर हलका घ्यायचा. पहिले ट्रॅव्हलर काही तासांतच काढून फेकायचे, पुढचे पाळीनंतर, मग दिवसानंतर, आणि असं अंतर वाढवत नेहमीच्या मुदतीवर यायचं. हे वेळापत्रक गिरणी सोडून गेलेल्या प्रॉडक्शन इन्चार्जच्या डायरीत होतं. ट्रॅव्हलर फेकताना पाहून नव्या माणसाला वाटलं, नासाडी चालली आहे. वरून उत्पादनाचा तगादा होताच. त्यानं तेच ट्रॅव्हलर ठेवून फ्रेम मिनिटाला 18,000 फेऱ्यांवर नेल्या. दोन दिवसांत ट्रॅव्हलर जळून उडायला लागले, धागे इतके तुटायला लागले की एका बाईला दोन बाजू सांभाळणं होईना, आणि कोनवर सूत केसाळ दिसायला लागलं. मग ट्रॅव्हलर बदलले, वेग उतरवला, सगळं करून पाहिलं. पण ओरखडलेली रिंग पुन्हा गुळगुळीत होत नाही. थोडे ट्रॅव्हलर वाचवायला गेले आणि चार फ्रेमच्या रिंगा घालवून बसले.

म्हणून नोटीसचा महिना निरोपाच्या जेवणांत घालवू नका. रोज एक तास, एक खातं, आणि लिहून घेणारा त्याच खात्यातला फिटर किंवा सुपरवायझर. ऑफिसातला कारकून बसवला की सगळं 'नेहमीप्रमाणे' असंच लिहिलं जातं. प्रत्येक फ्रेमचा वेग, ट्रॅव्हलरचा नंबर आणि बदलायची तारीख. कॉट (रोलरवरची रबरी आवरणं) शेवटचे कधी घासले. कार्डिंगच्या (रुई पिंजायच्या यंत्राच्या) तारा कधी बदलल्या. कोणत्या ग्राहकाला कोणतं मिक्सिंग जातं. कोणती फ्रेम रुसते आणि तिला काय लागतं. शेवटचा आठवडा त्यानं मागे उभं राहायचं आणि नव्या माणसानं चालवायचं. ज्यांना एवढाही धीर नाही, त्यांनी पुढे त्याला रात्री अकराला फोन करून त्रास देऊ नये.

ह्युमिडिफिकेशनचा, म्हणजे खात्यातली हवा दमट ठेवणारा, माणूस मार्च-एप्रिलात सोडू नका, चार पैसे जास्त लागले तरी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45च्या घरात जातो, आणि बाहेरच्या कोरड्या हवेत रिंग खात्याला 55 ते 60 टक्के आर्द्रता टिकवावी लागते. बोअरच्या जड पाण्यानं नोझल चोंदतात. कोणती रांग कधी उघडून धुवायची, हे त्यालाच माहीत असतं. आर्द्रता घसरली की खात्यात तंतू उडतात, धागे तुटतात, आणि मग दोष कामगारांना.

बाकीच्या चुका थोडक्यात.

'दुसऱ्या गिरणीत जाणार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेणं: 1872च्या करार कायद्याच्या कलम 27प्रमाणे नोकरी सोडल्यानंतरचं असं बंधन टिकत नाही. स्टॅम्पचे पैसे वाया.

मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं: करूच नका. पुढचा चांगला माणूस हे ऐकूनच येत नाही.

संचालकाचा भाचा मास्टरच्या खुर्चीत: यावर काय लिहायचं!

ग्रॅच्युइटी लांबवणं: पाच वर्षं सलग नोकरी झालेल्याला ती 30 दिवसांत द्यावी लागते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 40,000 आणि नोकरी 12 वर्षं असेल, तर 40,000 गुणिले 15 गुणिले 12, भागिले 26, म्हणजे 2,76,923 रुपये. उशीर झाला की वर व्याज.

आणि कॉलनीतलं क्वार्टर. राजीनाम्याचा राग क्वार्टरवर काढून आठ दिवसांत घर रिकामं करायला लावतात, तेही मुलांच्या परीक्षेच्या तोंडावर. टेम्पोत सामान चढताना आजूबाजूच्या घरांतले फिटर-जॉबर ओट्यावर बसून पाहत असतात. परीक्षा होईपर्यंत क्वार्टर राहू द्या, वीजबिल त्याच्याकडून घ्या, आणि त्याच आठवड्यात रात्रपाळीला स्वतः खात्यात जाऊन फिटर-जॉबरांशी बोला. जाणाऱ्यानं नव्या गिरणीत सोबत कुणाला बोलावलंय, हे तिथे चहाच्या वेळेलाच कळतं.