लिथियम सुरू असताना मानसोपचारतज्ज्ञांची भेट सार्थकी कशी लावावी

द्विध्रुवीय विकारासाठी (बायपोलर, म्हणजे मनःस्थिती उन्माद आणि नैराश्य या दोन टोकांत झुलण्याचा आजार) लिथियम घेणाऱ्या रुग्णाची मानसोपचारतज्ज्ञांशी होणारी भेट बहुधा काही मिनिटांतच आटोपते, आणि तेवढ्या वेळात ‘बरं आहे’ एवढेच उत्तर दिले, तर निष्णात डॉक्टरांच्याही हाती काही लागत नाही. म्हणून झोपेचे तास, मनःस्थिती आणि चुकलेली गोळी यांची रोज एका ओळीत नोंद ठेवावी. यात झोपेची नोंद सर्वांत मोलाची. कमी झोपूनही थकवा न जाणवणे ही अनेकदा उन्मादाची पहिली खूण असते, आणि रुग्णाला तो निव्वळ उत्साह वाटत असल्याने ती आधी घरच्यांच्याच लक्षात येते. तेव्हा अधूनमधून घरातील विश्वासाच्या माणसाला सोबत न्यावे, मात्र त्यांच्यासमोर कोणता विषय काढू नये, हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

गोळ्या चुकल्या असतील, तर ते मुळीच लपवू नये. अन्यथा रक्तातील पातळी कमी दिसते आणि डॉक्टर विनाकारण मात्रा वाढवण्याची शक्यता असते. पातळी तपासण्यासाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी द्यावे व सकाळची गोळी त्यानंतरच घ्यावी. थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या साधारणपणे दर ६ महिन्यांनी होतात. सगळे अहवाल एकाच फायलीत लावावेत.

निर्जळी उपवास, जुलाब-उलट्या किंवा उन्हातली पायी वारी यांमुळे शरीरातील पाणी व मीठ घटून लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते, त्यामुळे उपवासाचा किंवा वारीचा बेत डॉक्टरांना आधी विचारूनच ठरवावा. इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनीही हेच घडते. नातेवाइकांना ‘बीपीची गोळी आहे’ असे सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत, पण निदान दातांच्या डॉक्टरांना तरी खरे सांगावे. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, बोलणे जड होणे अशी लक्षणे दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा, आपले वैद्यकीय कागद पाहण्याचा आणि आजार बळावल्यास कोणते उपचार हवेत वा नकोत, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार आहे. हे निर्देश प्रकृती स्थिर असतानाच डॉक्टरांशी बोलून लिहावेत, आणि नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला साथ देणारी व्यक्ती) म्हणून वयाने मोठ्या नातेवाइकापेक्षा अडचणीच्या वेळी डॉक्टरांना फोन करील अशी प्रौढ व्यक्ती निवडावी.