गावातल्या चित्रकला शिक्षकांचे चरित्र कसे लिहावे

ज्यांनी सारी हयात एका लहान गावात काढली, तीस-पस्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतरही हातातला कुंचला खाली ठेवला नाही, अशा शिक्षकांवर लिहिताना पहिली अडचण येते ती त्यांचे काम विखुरलेले असण्याची. काही चित्रे घरच्या माळ्यावर असतात, काही लग्नकार्यात आहेर म्हणून दिलेली असतात, एखादे देवळाच्या सभामंडपात, तर एखादे शाळेच्या कार्यालयात कपाटामागे गेलेले असते. साताऱ्यातील आमच्या सरांविषयी लिहायला घेतले तेव्हा मी आधी प्रमाणपत्रे आणि सत्काराचे फोटो जमवले. त्यात दोन महिने गेले आणि सर वर्गात कसे शिकवत, याविषयी एक ओळही हाती लागली नाही. म्हणून सुरुवात चित्रांपासूनच करावी.

प्रत्येक चित्राचा फोटो दिवसाच्या उजेडात, पण थेट ऊन न येणाऱ्या पडवीत काढावा. फ्लॅश वापरू नये. काचेवर प्रतिबिंब पडत असेल, तर फोटो काढणाऱ्याच्या मागे काळे कापड धरावे. मोबाइल चित्राला समांतर धरावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि सहीचा फोटो वेगळा घ्यावा. मागची बाजू पाहिल्याशिवाय चित्र परत देऊ नये. सरांच्या एका जलरंगाच्या पाठीवर पेन्सिलीने ‘गोडोली तळे, सकाळी साडेसात’ एवढेच लिहिलेले होते, आणि त्या एका ओळीमुळे चित्रातल्या लांब सावल्यांचा उलगडा झाला. कागद जुना असेल तर तो ओल्या कापडाने पुसू नये, सेलोटेपने चिकटवू नये आणि कोणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेट करू नये.

यानंतर विद्यार्थ्यांकडे जावे. माझ्या मते चरित्राचा गाभा इथेच सापडतो, कारण शिक्षकाचे खरे काम कागदावर कमी आणि दुसऱ्यांच्या हातात अधिक उतरलेले असते. ‘सर कसे होते?’ असे विचारले की ‘फार प्रेमळ’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या तयारीचे जुने कागद कोणी जपून ठेवले आहेत का, ते विचारावे. एका बाईंनी मला त्यांचे शाळेतले वस्तुचित्र दाखवले. त्यातल्या घागरीचे तोंड त्यांनी पुरते गोल काढले होते. सरांनी त्या चित्रावर पेन्सिल चालवली नव्हती. कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, बसलेल्या मुलाच्या नजरेच्या पातळीवरून तेच तोंड कसे चपटे दिसते, ते दोन रेघांत काढून दाखवले होते. मुलाच्या कागदावर आपला हात फिरवायचा नाही, ही सरांची रीत त्या कोपऱ्याने सांगितली. पुढे आणखी चौघांच्या कागदांवर तसेच कोपरे दिसले, तेव्हाच मी ती रीत म्हणून लिहिली.

साल विचारताना लोकांच्या आठवणीतल्या खुणा वापराव्यात. ‘हे चित्र केव्हाचे?’ याला उत्तर मिळत नाही. ‘कोयनेच्या भूकंपाच्या आधीचे की नंतरचे?’ याला बहुधा मिळते. तो भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. तसाच 1972 चा दुष्काळ. सांगलीकडे कृष्णाकाठच्या घरांत 2005 आणि 2019 च्या महापुरांविषयीही अवश्य विचारावे, कारण पाण्यात गेलेल्या चित्रांचीही यादी करायला हवी. ज्यांनी ती पाहिली होती त्यांच्याकडून विषय, आकार आणि रंग लिहून घ्यावेत.

नोकरीच्या तारखा मात्र आठवणीवर सोडू नयेत. सेवापुस्तिका आणि शाळेचे वार्षिक अंक यांवरून त्या पडताळाव्यात. चित्रकलेच्या परीक्षा घेणारे राज्याचे कला संचालनालय 1965 मध्ये स्थापन झाले, त्यामुळे त्यापूर्वीच्या प्रमाणपत्रांवर निराळे शीर्षक दिसले तर शंका घेऊ नये.

परिसराविषयी लिहिताना सातारा जिल्ह्यातल्या औंध या जुन्या संस्थानाचा उल्लेख बहुतेकांना करावासा वाटतो, आणि ते स्वाभाविक आहे. तिथले संस्थानिक आणि स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये तिथे उभारलेल्या संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे आहेत. परंतु आपले शिक्षक तिथे गेले होते, तिथे बसून त्यांनी चित्रांचे अभ्यास केले होते, याचा वहीत किंवा पत्रात पुरावा असेल तरच प्रभावाची भाषा करावी. नसेल, तर संग्रहालयाचे वाक्य गाळावे; मोठ्या नावांच्या शेजारी बसवल्याने आपल्या माणसाचे काम मोठे होत नाही, उलट झाकले जाते.

शिक्षक हयात असतील तर सकाळी, अर्ध्या तासाहून अधिक नाही, अशा बेताने भेटावे आणि समोर कोरा कागद व पेन्सिल ठेवावी. आमच्या सरांना वयोमानाने नावे आठवत नव्हती, पण संगम माहुलीच्या घाटाविषयी विचारताच त्यांनी पायऱ्या, दीपमाळ आणि पाण्याची रेघ न थांबता काढली. तो कागद तारीख घालून जपावा.

मसुदा छापण्यापूर्वी घरच्यांना वाचून दाखवावा. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणि एक नगरवाचनालयात द्यावी. चित्रे कोणाकोणाच्या घरी आहेत ती यादी मात्र कुटुंबाकडेच ठेवावी. शेवटी चार-सहा पाने कोरी सोडावीत, कारण प्रत हातात पडल्यावर ‘आमच्याकडेही सरांचे एक आहे’ म्हणत माणसे येऊ लागतात.