एसी गार करत नाही म्हणून लगेच गॅस भरायला पळू नका: गाडीच्या कूलिंगच्या या चुका टाळा

मार्च संपत आला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, "एसी गार करत नाहीये, गॅस भरून आणतो." शेजारच्या काकांनी गेल्या उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला. दोन्ही वेळा पंधरा-वीस दिवस गाडी गार, मग पुन्हा कोमट वारा. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मी म्हणाले, "काका, आधी बोनेट तर उघडा."

एसीचा गॅस दाबून फिरवणाऱ्या कंप्रेसरजवळ पाइपाच्या सांध्यावर तेलकट काळा डाग होता आणि त्यावर धूळ बसून लेप झाला होता. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही फिरत असतं. जिथून गॅस सुटतो, तिथे ते तेल पाझरतं आणि त्यावर धूळ चिकटते. सांध्यातली रबराची एवढीशी रिंग कडक होऊन चिरली होती. रिंग बदलली, पाइपांतली हवा पंपाने ओढून (व्हॅक्यूम करून) गॅस भरला, आणि यंदाचा एप्रिल काकांनी त्याच गॅसवर काढला.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीतून तोच गोल गोल फिरतो. रबरी पाइपातून अनेक वर्षांत थोडासा झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर गळती आहे आणि आधी ती शोधायला हवी. नुसता 'टॉपअप' मारून घेण्यात आणखी एक तोटा आहे. गॅस किती ग्रॅम लागतो हे ठरलेलं असतं आणि बहुतेक गाड्यांत बोनेटखालच्या स्टिकरवर ते लिहिलेलं असतं. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. म्हणून गॅस वजन करून भरणाऱ्याकडेच जा.

पण गॅसचा विचार करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: एसी गार करत नाही, तो नेमका कधी? माझ्या मते अर्धं निदान या एका प्रश्नात होतं.

स्वारगेटच्या सिग्नलला कोमट आणि गाडी कात्रजच्या रस्त्याला मोकळी लागली की गार, असं होत असेल तर संशय पंख्यावर घ्या. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा पुढचा भाग, थंड करतो, उभी राहिली की ते काम पंख्याचं. घरी बघायला दोन मिनिटं लागतात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, एसी फुल. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पुढचा पंखा फिरायला लागतो. नाहीच फिरला तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच), मग मोटर, या क्रमाने बघा. बऱ्याच गाड्यांत फ्यूजबॉक्समध्ये शेजारी तशाच आकड्याचा रिले असतो. इंजिन बंद करून त्याच्याशी अदलाबदल करून पाहिली की रिले गेलाय का ते तिथल्या तिथे कळतं. हात, ओढणी, बाही मात्र पंख्यापासून लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो अचानक फिरतो.

घरून निघताना गार, तासाभराने वारा कमी कमी होत जातो आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा नीट, असं असेल तर आत इव्हॅपोरेटरवर, म्हणजे केबिनची हवा गार करणाऱ्या भागावर, बर्फ धरतोय. तेव्हा आधी केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो आणि हातानेच निघतो. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीच्या फिल्टरमधून मी मूठभर सुकलेली गुलमोहराची पानं काढली आहेत. वारा पहिल्यापासूनच कमी असेल तरी हाच फिल्टर आधी बघा.

या दोन्हींत बसत नसेल तर पाइपांना हात लावून बघा. एसी पाच मिनिटं चालवा, मग इंजिन बंद करा आणि लगेच बोनेटखालचे एसीचे दोन पाइप बोटाने चाचपा. जाड पाइप थंडगार आणि घामेजलेला हवा, बारीक पाइप कोमट ते गरम. दोन्ही सारखेच लागले तर गॅस कमी आहे किंवा कंप्रेसर दाब देत नाही. आता गॅरेजला जा आणि हे जसंच्या तसं सांगा.

हाच पंखा आणि हाच पुढच्या जाळीतून येणारा वारा इंजिनलाही थंड ठेवतो. कंडेन्सरच्या मागेच इंजिनचं पाणी थंड करणारा रेडिएटर असतो. त्यामुळे ट्रॅफिकमध्ये एसी कोमट आणि इंजिनच्या तापमानाचा काटाही चढतोय, असं दिसलं तर तो एकच आजार समजा आणि गाडी पुढे दामटू नका. याउलट शहरात ठीक पण खंबाटकीच्या चढाला काटा वर जात असेल, तर पंखा सोडून कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी, चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप बघायला हवा. गाडी सुरू केल्यावर लगेच तापते आणि रेडिएटरचा खालचा होज पाइप थंडच राहतो, तेव्हा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, बंदच अडकलेला असण्याची शक्यता मोठी. तो साधारण 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडायला हवा.

आता ज्या चुकीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. माझ्या दादाने साताऱ्याला जाताना, मे महिन्यात, घाटात गाडी थांबवून ओल्या फडक्याने ते फिरवलं. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला, डाग अजून आहे. ते झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब सुटतो आणि सगळं एकदम वाफ होऊन अंगावर येतं. पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप दाबल्यावर मऊ आणि हाताला साधा लागला, मगच झाकणाला हात लावा.

काटा चढताना दिसला तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, गाडी कडेला. हीटर इंजिनातली उष्णता बाहेर ओढतो. उकाडा सहन करा, पण हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) वाचवा. हीटरमधून गारच हवा आली आणि काटा वर असला तर आत पाणीच उरलेलं नाही, इंजिन ताबडतोब बंद करा. तापलेल्या इंजिनावर वरून गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. आणि कूलंट पुरतं गळून गेलं असेल तर सेन्सर नुसत्या हवेत राहून कमी तापमान दाखवू शकतो, म्हणून वास किंवा वाफ आली तर काट्यावर विसंबू नका.

दुसरी चूक बोअरच्या पाण्याची. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. अडीअडचणीला घाटात साधं पाणी घालावं लागलं तर घाला, पण घरी पोचल्यावर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. तयार मिश्रण आणलं असेल तर त्यात पाणी मिसळू नका. दर महिन्याला कूलंटच्या टाकीत थोडं थोडं घालावं लागतंय आणि खाली थेंब नाही, तर इंजिन ऑइलचं झाकण उघडून बघा. आत दुधी चिकट थर आणि सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ही हेड गॅस्केटची लक्षणं. ही गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या.

एसी चालवल्यावर गाडीखाली साधं स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर काळजी नको, ते बाहेर पडायलाच हवं. उलट पावसाळ्यात पुढच्या सीटखालची मॅट ओली लागली तर त्या पाण्याची नळी तुंबलेली असू शकते. खालचं पाणी हिरवं, लाल किंवा बुळबुळीत असेल तर मात्र ते कूलंट आहे. ते चवीला गोडसर आणि विषारी असतं. पार्किंगमधली कुत्री-मांजरं चाटायच्या आत भरपूर पाणी टाकून फरशी पुसून घ्या.