महागडी वायर घ्यावी का? पाकीट उघडण्याआधी घरीच तपासा

माझा मावसभाऊ बेळगावच्या खडे बाजारात टीव्ही घ्यायला गेला आणि टीव्हीबरोबर अडीच हजारांची एचडीएमआय केबलही घेऊन आला. जाडजूड, वरून विणलेली जाळी, दोन्ही टोकांना सोनेरी पिना. ‘अण्णा, एवढा भारी टीव्ही घेतलाय, साधी वायर लावली तर रंग फिके पडतील,’ असं दुकानातल्या पोरानं सांगितलं म्हणे. घरी येऊन त्यानं ती जोडली सेट-टॉप बॉक्सला. त्या बॉक्सच्या खोक्यात फुकट आलेली केबल पिशवीतून बाहेरसुद्धा निघाली नव्हती.

गल्लीतल्या भजनी मंडळाचा साउंड मी सांभाळतो, गणपतीत मंडपाचाही. वायरीवर मीही पैसे घातलेत, काही सत्कारणी लागले, काही पाण्यात गेले. कुठे घालावेत आणि कुठे नाही, ते सांगतो.

आधी बघा, वायरीतून काय जातंय

एचडीएमआयमधून जातात ते आकडे, शून्य आणि एक. ते पोचले की चित्र पूर्ण दिसतं. केबल कमी पडली तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, आवाज तुटतो किंवा पडदा मधूनच काळा होतो. ‘रंग जरा फिके’ असा मधला प्रकार त्यात होतच नाही. फिके दिसत असतील तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जा.

स्पीकरची वायर, माइकची वायर, आरसीएच्या लाल-पांढऱ्या पिना यांचा मामला वेगळा. तिथं आवाजाची लाट जशीच्या तशी जाते, त्यामुळे वाटेत ती बिघडूही शकते.

एचडीएमआय घेताना

केबलवर ‘हाय स्पीड’ हे शब्द शोधा. एचडी चॅनेलला सेकंदाला सव्वादोन गिगाबिटच्या आसपास माहिती लागते, हाय स्पीड केबल १०.२ गिगाबिट नेते. बॉक्ससाठी एवढं रग्गड झालं. फोर-के चित्र सेकंदाला ६० फ्रेमनं बघायचं असेल तर ‘प्रीमियम हाय स्पीड’ घ्या, ती १८ गिगाबिटची. ‘अल्ट्रा हाय स्पीड’, म्हणजे ४८ गिगाबिटची, लागते ती नव्या गेमिंग कन्सोलवर फोर-के १२० फ्रेमनं खेळणाऱ्या पोरांना. दुकानदार ‘टू पॉइंट वन केबल’ म्हणेल. तो आकडा यंत्रातल्या एचडीएमआयच्या आवृत्तीचा आहे, केबलची जात या शब्दांवरूनच ओळखायची. प्रीमियम आणि अल्ट्राच्या खोक्यावर स्कॅन करता येणारं लेबल असतं, ते दुकानातच मोबाइलनं तपासा.

लांबी मात्र महत्त्वाची. दोन-तीन मीटरला साधी प्रमाणित केबल पुरते. कार्यालयाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर पंधरा मीटरवर असेल तर आत फायबर असलेली केबल घ्यावी लागते. ती महाग असते आणि तिथं तो पैसा वाजवी आहे. तिचं एक टोक बॉक्सकडे आणि दुसरं पडद्याकडेच जायला हवं. टोकांवर लिहिलेलं असतं. उलटी जोडून ‘केबल खराब निघाली’ म्हणत परत आणणारे मी पाहिलेत.

तरी शंका असेल तर नाणं उडवा

मावसभावाला पटेना. मग आम्ही खेळ केला. त्याची पाठ टीव्हीकडे, त्याच्या मुलीनं नाणं उडवायचं, छापा आला तर महागडी केबल आणि काटा आला तर खोक्यातली. जोडून झालं की केबल झाकायची आणि मग त्यानं वळून ओळखायचं. असं दहा वेळा. निव्वळ अंदाजानंही पाचेक बरोबर येतातच. नऊ किंवा दहा आले तर दखल घ्यावी, कारण नशिबानं तसं घडण्याची शक्यता १०२४ मध्ये ११ एवढीच. त्याचे आले चार.

स्पीकरच्या वायरीवर हा खेळ कराल तर व्हॉल्यूमला हात लावू नका. किंचित मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो आणि सगळा हिशेब चुकतो. २००७ मध्ये अमेरिकेतले जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबलचा फरक डोळे झाकून ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी शेवटी झालीच नाही.

स्पीकरची वायर: ब्लेड घेऊन जा

इथं बघायचं ते तांबं आणि जाडी. घराच्या वायरिंगला इलेक्ट्रिशियन ‘दीडची’ म्हणतात, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, तीच स्पीकरला उत्तम चालते. स्पीकर दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर वीस मीटर होते आणि तिचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, पाव ओहमच्या आसपास भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो तीन टक्के. पाच टक्क्यांच्या आत राहिलं की निवांत. अर्ध्याची बारीक वायर तेवढ्याच अंतराला घातलीत तर दहा टक्क्यांच्या घरात जाल, आणि स्पीकर चार ओहमचा असेल तर त्याच्या दुप्पट. मग अडीचची घ्या.

वायरवाल्याकडे गेलं की मी आधी कानडीत ‘एष्टु री?’, म्हणजे ‘केवढ्याला हो?’, म्हणून मीटरचा भाव विचारतो. तो मराठीतच सांगतो, पुढची घासाघीस दोन्ही भाषांत होते. आणि वीतभर तुकडा मागतो. वरचं प्लास्टिक सोलायचं, एक तार बोटांत धरून ब्लेडनं खरवडायची. आतूनही लाल निघाली तर तांबं. लाल कातडीखाली पांढरं चमकलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. हातात हलकं लागतं, दोन-चारदा वाकवलं की तुटतं आणि रोध दीडपट. काही वायरी वरून चंदेरी पण आतून लाल निघतात. ते कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, त्याला नाव ठेवू नका.

मंडपातून पार गल्लीच्या टोकाला कर्णा लावायचा तर जाड वायर शोधत बसू नका, अँप्लिफायरची १०० व्होल्टची लाइन वापरा. तीस वॉट आठ ओहमवर पाठवायला जवळपास दोन अँपिअर प्रवाह लागतो, १०० व्होल्टवर फक्त ०.३. त्याच वायरीतलं नुकसान चाळीसपटीनं कमी. कर्ण्याला ट्रान्सफॉर्मर हवा, एवढंच.

माइकच्या वायरीत कंजुषी नको

माइकमधून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. एके वर्षी विसर्जनाच्या आदल्या रात्री अभंग रंगात आला आणि पेटीचा माइक करकरायला लागला. बुवांनी गाणं थांबवलं नाही, पण माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. दोष होता स्वस्तात आणलेल्या वायरीच्या टोकाला. पिनेतलं डाखण सुटलं होतं आणि वायर ओढली जाऊ नये म्हणून असतो तो चिमटाच आत नव्हता.

म्हणून माइकची केबल घेताना पिनेची टोपी फिरवून आत बघा. चिमटा हवा, डाख चमकदार हवा. आणि शक्यतो एका बाजूला पी-३८, म्हणजे एकाच दांड्याची जाड पिन, असलेली दोन तारांची केबल नको, दोन्हीकडे तीन पिनांची कॅनन घ्या. तिच्यात आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्हींत सारखाच असतो, मिक्सर एकातून दुसरा वजा करतो आणि गोंगाट गळतो. वीस-पंचवीस मीटरवर, शेजारून लाइटिंगची वायर जात असताना, हा फरक कुणालाही ऐकू येतो.

घूं घूं येत असेल तर

टीव्हीचा आवाज अँप्लिफायरला जोडल्यावर गुणगुण ऐकू आली की लोक जाड केबल आणायला धावतात. आधी दोन्हींचे प्लग एकाच बोर्डवर लावा. तरी राहिली तर केबलवाल्याची गोल वायर बॉक्समधून काढून बघा. गुणगुण थांबली तर अर्थिंगचा फेरा त्या वाटेनं पूर्ण होतोय, त्या गोल वायरीवर आयसोलेटर, म्हणजे चॅनेल जाऊ देणारा पण हा फेरा तोडणारा जोड, लावायचा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही मोडू नका. जीवावरचा खेळ आहे तो.

सोन्याचं काय?

सोनं तांब्यापेक्षा चांगला वाहक नाही, पण त्याला गंज चढत नाही. खानापूरच्या पावसात, जिथं कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते, तिथं पिनेवर हिरवट थर चढतो आणि एका बाजूचा आवाज बंद पडतो. सोनेरी मुलामा तिथं कामाचा आहे. तो असतो नखाएवढाही जाड नाही, त्यासाठी हजारो रुपये मोजायची गरज नाही. साध्या पिना असतील तर मिरगाच्या आधी आणि गणपतीच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या, आणि वायरी कोपरावर न आवळता सैल वेटोळी करून खुंटीला टांगा.