हेडसेट चढवण्याआधी खुर्ची बघा

मी कराडात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्यांच्या हातासाठी दोन वर्षांपासून व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी) हेडसेटही, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी खेळ दाखवणारा मोठा चष्मा, सोबत नेते. हे वापरू पाहणाऱ्या फिजिओंसाठी लिहितेय.

फिट्स येत असतील, बीपी आटोक्यात नसेल, गरगरत असेल, तर हेडसेट पिशवीतच राहू द्या आणि डॉक्टरांशी बोला. खांदा निसटलेला असेल तर हात खांद्याच्या वर न्यायला लावणारा खेळ नको.

खुर्ची हातांची हवी, चाकांची नको. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. हेडसेटच्या भिंगांमधलं अंतर पेशंटच्या डोळ्यांनुसार लावा. क्वेस्ट २ या हेडसेटवर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीन टप्पे आहेत. ते चुकलं की धूसर दिसतं, डोकं दुखतं आणि पेशंट पुन्हा हात लावत नाही. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं, तीही स्थिर दृश्यात. जांभया, घाम, पांढरा पडलेला चेहरा दिसला की लगेच काढा.

आतलं चित्र मोबाइलवर घ्याच, पण नजर पेशंटच्या अंगावर ठेवा. हे मी एका ऊसकरी आजोबांकडून शिकले. फुगे फोडायच्या खेळात ते एकही सोडत नव्हते, मी खूश. मग बाजूने पाहिलं, तर कोपर तसंच आखडलेलं आणि आजोबा कमरेतून पुढे झुकत होते! आता मी पेशंटला विचारून छातीभोवती उपरणं घेते आणि खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधते. फुगे कमी फुटतात, पण कोपर उघडतं.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेल्या काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. त्यांच्यासाठी फुगे आधी मधोमध ठेवा, मग रोज थोडे डावीकडे सरकवा.

नेहमीचा व्यायाम मात्र कापू नका. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या तपासल्या होत्या. नेहमीच्या व्यायामाऐवजी व्हीआर दिल्याने हाताला जास्त फायदा दिसला नाही. त्यात भर म्हणून दिल्यावर दिसला. म्हणून माझ्याकडे आधी अर्धा तास व्यायाम, मग दहा मिनिटं हेडसेट.

हेडसेट काढल्यावर पाच मिनिटं बसू द्या, मग पाण्याचा पेला पुढे ठेवा. वहीत खेळातले गुण लिहू नका, पेल्याचं लिहा. आजोबांच्या वहीत सातव्या आठवड्याला नोंद आहे: अर्धा पेला, तोंडापर्यंत, न सांडता.